कुटुंबप्रमुखाशी नाते

— नव्हे, नव्हे, आधी आडनाव. शेरिम्बेकोव. त्यानंतर नाव, तोक्तोसुन. त्यानंतर वडिलांचे, आसानालीयेविच. शेरिम्बेकोव तोक्तोसुन आसानालीयेविच, वय एकोणऐंशी वर्षे पूर्ण — ऐंशी लिहू नका, मागच्या जनगणनेला आलेल्या गृहस्थांनी गोल आकडा बरा दिसतो म्हणून मला दोन वर्षे वाढवून दिली, आणि ती परत न्यायला पुन्हा कोणी आले नाही. ऐंशीव्या वर्षात असणे वेगळे आणि ऐंशी वर्षांचे असणे वेगळे. लग्न ठरणे वेगळे आणि लग्न होणे वेगळे, तसे. हसलात? म्हणजे ठरलेले आहे. नाही? मग ठरत आले आहे. असो, प्रश्न विचारण्याचा अधिकार आज तुम्हाला आहे, मला नाही. बसा. दारापाशी काय बसता, वर बसा, मानाच्या गादीवर — सरकार माझ्या घरी पाहुणे आले आहे, तेही बुटांना एवढा चिखल लावून. ती काचेची पाटी मांडीवर ठेवा, खाली ठेवाल तर कोकरू येऊन चाटेल. हो, कोकरू घरातच आहे, चुलीमागे. मार्चमध्ये जन्मलेल्या कोकराला बाहेर कोण ठेवील? त्याला मोजायचे नाही ना? मग त्याच्याकडे पाहू नका, पाहिले की ते उठते. — बुरुल! अगं, चहा आण, आणि साय आण, या बाई सकाळपासून डोंगर चढत आल्या आहेत! — माझी पत्नी. ऐकू उत्तम येते, पण दुसऱ्या हाकेशिवाय उत्तर द्यायचे नाही, असा तिचा बावन्न वर्षांचा नियम आहे.

तुमच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव वाचतो आहे — चष्म्याशिवाय वाचतो, हे नोंदवायची सोय असेल तर नोंदवा — जांगील. जांगील! अहो, माणसे मोजायला पाठवण्यासाठी सरकारजवळ दुसऱ्या नावाची मुलगी नव्हती का? जिचे नावच ‘चूक’, तिच्या हाती देशाची बेरीज? रागावू नका, साय घ्या. हे नाव मी चांगले ओळखतो. तुमच्या आधी घरात तीन मुली होत्या. चार? बघा! चार मुली झाल्या, पाचव्या तुम्ही, आणि आजी म्हणाली, हिचे नाव ‘चूक’ ठेवा, म्हणजे पुढल्या खेपेला तरी देव चुकेल आणि मुलगा देईल. मग चुकला का? … सहावीही बहीण? म्हणजे देवाचे गणित पक्के आहे, आजीचेच कच्चे. आमच्या हिचे तसेच. बुरुल म्हणजे ‘वळ’ — मुलींकडून मुलग्यांकडे वळ. तिच्यानंतर तीन मुली झाल्या. कोणीही वळले नाही. माझे म्हणाल, तर माझ्या आधीची भावंडे पाळण्यातच गेली, म्हणून आईने मला नाव दिले तोक्तोसुन, ‘थांबो’. मरण थांबो की हे पोर थांबो, हे तिने स्पष्ट केले नाही. व्याकरणदृष्ट्या दोन्ही अर्थ होतात. मी थांबलो. आता बुरुल विचारते, ‘अहो, किती थांबाल?’ तुम्ही मंडळी जन्मदर म्हणता, मृत्युदर म्हणता, त्यांची रेघ वर काढता, खाली काढता. मी गावातल्या नावांनी हाक मारतो आणि तीच रेघ वाचतो. युद्धाच्या सुमाराला जन्मलेल्यांत ‘थांबो’ आणि ‘जगो’ किती! पुढे दवाखाना आला, दाई शिकलेली आली, आणि मुलांची नावे रेशीम, तारा, आधार अशी होऊ लागली. आता कोणीही मुलाचे नाव ‘थांबो’ ठेवत नाही; आता मुले मरत नाहीत, जातात. आणि खरे सांगू का, ते नाव ठेवायची गरज आता आहे.

हे सगळे मी कोणत्या विद्यापीठात शिकलो, असे तुमच्या चेहऱ्यावर लिहिले आहे. कोणत्याही नाही. मी सामूहिक शेतीच्या वाचनालयाचा रखवालदार होतो. रात्रपाळी. चोर एकही आला नाही — पुस्तके चोरणारा माणूस या गावात जन्मला असता, तर मला त्याचा अभिमान वाटला असता — मग मी काय करणार? वाचले. भूगोलाचे कपाट चुलीच्या बाजूला होते, म्हणून भूगोल अधिक वाचला. कपाट दुसरीकडे असते तर आज तुमच्यापुढे रसायनशास्त्रज्ञ बसला असता. त्यात लोकसंख्येचा मनोरा असे एक चित्र होते. खाली लहान मुले, म्हणून पाया रुंद; वर म्हातारे, म्हणून शेंडा बारीक. मला ते पाहताच कळले, ही तर आमची टोपी! मी तरुण असताना हे गाव असेच होते, डोक्यावरच्या लोकरी नमद्याच्या टोपीसारखे. आणि आता? आता बाहेर पाहा, लहान मुले आहेत, आम्ही म्हातारे आहोत, आणि मधले सगळे रशियात गाड्या चालवतात, भांडी घासतात, इमारती बांधतात. पुढे उंच, मागे उंच, मध्ये खोल — याला काय म्हणतात? खोगीर. आमचे गाव म्हणजे खोगीर झाले आहे, बाई. सुंदर, कसलेले, चांदीच्या खिळ्यांचे खोगीर, आणि वर स्वार नाही. हे वाक्य मी पुस्तकात वाचलेले नाही, माझे आहे. लिहून घेतले नाहीत? त्याला रकाना नाही? तसे असेल.

आणि तुम्ही घरे दारांवरून मोजता आहात, ते चूक — क्षमा करा, तुम्हाला नव्हे म्हटले, पद्धतीला म्हटले. आमचे वाडवडील घर म्हणत नसत, धूर म्हणत. गावात किती धूर? इतके धूर. चूल पेटली तर घर आहे, नाहीतर नुसत्या भिंती. वाटेत नव्या पत्र्याची निळी छपरे पाहिलीत ना? रशियातून पैसा येतो, भिंती येतात, छप्पर येते, खिडक्यांना रंग येतो. फक्त धूर येत नाही. त्या दारांवर तुम्ही किती वेळ टकटक करत होता? मला खिडकीतून दिसत होते. मुद्दामच हाक मारली नाही. म्हटले, शिकू दे.

बरे, बरे. या घरात कोण राहते. विचारा. राहतात तीन माणसे. मी, कुटुंबप्रमुख. बुरुल, पत्नी, वय बहात्तर. आणि मुलगी, जिबेक, वय दहा.

दहा. हो, दहा. एक आणि शून्य.

तुम्ही माझ्या पत्नीकडे अशा का पाहता आहात? — बुरुल, हसू नकोस, बाईंना हिशेब करू दे! — बहात्तरातून दहा गेले, बासष्ट उरले; माझीही वजाबाकी तशीच येते. तुमची पाटी लाल झाली? ती म्हणते हे अशक्य आहे? तिला म्हणावे, तू अजून लहान आहेस. या डोंगरात तुझ्या आधीपासून हे चालत आले आहे. अहो जांगील, तुम्ही शहरात वाढलात की काय? धाकट्या मुलाचे पहिले अपत्य आजी-आजोबांच्या मांडीवर देतात, हे तुम्हाला मी सांगायचे? मेदेर, आमचे शेंडेफळ. धाकट्याने आईबापांच्या चुलीपाशी राहायचे, ही रीत. त्याला रशियात काम मिळाले, तो निघाला. निघताना त्याने आणि केरेमेतने, आमच्या सुनेने, चाळीस दिवसांची ही मुलगी आणून माझ्या मांडीवर ठेवली आणि तो म्हणाला, ‘बाबा, ही तुमची.’ गावातले सात म्हातारे साक्षीला होते, मेंढा कापला होता. मग ती कोणाची झाली? माझी झाली. मला ती बाबा म्हणते. बुरुलला आई म्हणते. मेदेरला दादा म्हणते, आणि मेदेर दहा वर्षे त्या हाकेला ओ देतो आहे. आता सांगा, तिचे कुटुंबप्रमुखाशी नाते काय?

खरे नाते? यात खोटे काय आहे?

रक्ताचे विचारतात, असे म्हणा ना मग. तुमचा प्रश्नच ढिसाळ आहे. आणि आता हा पुढचा प्रश्न पत्नीला — एकूण किती अपत्ये झाली? आठ. लिहा, आठ. — काय? काय म्हणालीस? सात? — पाहा, म्हणते सात. म्हणते, ‘बाळंतपणे मी केली, मोजायचे मी की यांनी?’ अगं, बाळंतपण तू सातांचे केलेस हे मला मान्य आहे, पण आठवीला रात्री उठून बकरीचे दूध कोमट करून कोणी पाजले? दात येताना तिने चावून चावून कोणाचा अंगठा असा केला? हा पाहा अंगठा, जांगील. याला रकाना आहे का? आधीच्या सातांना दात केव्हा आले, हे मला ठाऊकसुद्धा नाही. तेव्हा मी वाचत होतो. म्हणून म्हणतो, आठ. नाही? सातच लिहिलेत? लिहा. तुम्ही बायका एकमेकींना सामील असता.

एवढा आग्रह का, असे विचारता. विचारत नाही, पण थांबल्या आहात, आणि थांबणे म्हणजे विचारणेच. सांगतो, चहा घ्या, थंड झाला. मेदेरने हिवाळ्याच्या तोंडाला फोनवर सांगितले — आता त्याला दोन खोल्यांचे घर मिळाले आहे, केरेमेतला शाळेच्या स्वयंपाकघरात काम आहे, तिथे जिबेकला त्याच शाळेत घालता येईल. जूनमध्ये तो येणार. न्यायला. मी म्हटले, कोणाला न्यायला? म्हणाला, ‘जिबेकला, बाबा.’ मी म्हटले, मांडीवर ठेवलेले मूल उचलून नेतात, ते फक्त दवाखान्यात. तो मग म्हणाला, ‘बाबा, केरेमेत तिच्या मापाचे कपडे दुकानात हातात घेऊन उभी राहते आणि परत ठेवते, माप माहीत नाही म्हणून.’ आता हा काय युक्तिवाद झाला? कपड्यांचे माप हा काय युक्तिवाद आहे? मी फोन बुरुलच्या हातात दिला. आणि ही, बावन्न वर्षे माझ्या चुलीशी बसलेली ही बाई, मला काय म्हणाली असेल? म्हणाली, ‘अहो, मांडीवर घेणे ही रीत आहे, मांडीखाली दाबून ठेवणे ही रीत नव्हे.’ आहे की नाही जीभ? वाचलेले एक पुस्तक नाही, आणि वाक्य पाहा.

तेव्हा मी विचार केला. वाचलेल्या माणसासारखा विचार केला. जनगणना येते आहे. सरकार दारात येऊन विचारेल, जिबेक कोण? मी सांगेन, मुलगी. सरकार लिहील, मुलगी. एकदा सरकारने लिहिले, की मेदेर कोण उरला? भाऊ. आणि भावाला बापाच्या घरातून बहिणीला परदेशी नेण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने? जूनमध्ये तो आला, की मी त्याला म्हणणार, बस, चहा घे, सरकारी कागद पाहून ये, मग बोलू. पटते की नाही? … डोके का हलवता?

म्हणजे?

कोणालाच दाखवत नाहीत? मेदेरला नाही, न्यायाधीशाला नाही, मलाही नाही? नाव पुसून टाकतात आणि फक्त आकडा ठेवतात? अहो, मग एवढ्या चिखलातून विचारायला कशाला आलात? घरबसल्या अंदाजाने लिहिले असते तरी चालले असते! म्हणजे मी हिवाळाभर जी तटबंदी बांधली, ती — बुरुल, ऐकलेस? नाही ऐकलेस तर बरे. ऐकून हसशील.

ठीक आहे. हरकत नाही. तरीही मुलगीच लिहा. अधिकारासाठी नको, उपयोगासाठी नको. देशाच्या बेरजेत कुठेतरी, नाव पुसलेले का असेना, एका एकोणऐंशी वर्षांच्या माणसाची एक दहा वर्षांची मुलगी असू द्या. तज्ज्ञ लोक डोके खाजवतील, त्यांनाही काही काम हवे. तसे तिला जायचेच नाही, हे तुम्हाला सांगतो. तिला इथे काय कमी आहे? घोड्यावर ती माझ्यापेक्षा सरळ बसते. नकाशावर नद्या मुखापासून उगमापर्यंत उलट्या म्हणते, मीच शिकवल्या. आणि मेदेरचा फोन आला की ‘कसे आहात दादा’ एवढे म्हणून फोन माझ्याकडे देते, माझ्यासमोर बसून बोलते, काही लपवत नाही. गवताच्या गंजीमागे जाते ती, ते — ते तिथे फोनला रेंज चांगली मिळते म्हणून. मीही जातो तिथे. गेल्या आठवड्यात मी कोकरांसाठी गवत काढायला गेलो आणि ती पलीकडे होती, तिला मी दिसलो नव्हतो. म्हणत होती, ‘पापा, तिथे बर्फ अजून आहे का?’ पापा. म्हणजे रशियन पाठ्यपुस्तकातला शब्द आहे तो, पहिल्याच धड्यात येतो, ममा, पापा. पाठ करत असेल. मी खोकलो. मी मुद्दाम खोकलो नाही, गवताची धूळ होती. आणि ती लगेच, अगदी लगेच, मोठ्याने म्हणाली, ‘बरं दादा, ठेवते, बाबा आले!’

एवढ्या सफाईने. अडखळली नाही. जांगील, एवढी सफाई एका दिवसात येत नाही. किती दिवस ती घरात एक शब्द आणि गंजीमागे एक शब्द ठेवते आहे, कोण जाणे.

मी हे तुम्हाला का सांगितले? हे तुम्ही विचारले नव्हते. खोडून टाका. लिहिलेलेच नाही? उत्तम.

— ये, ये आत ये, दार लाव, थंडी येते. बूट काढ. ही पाहा, हीच जिबेक. सुट्टी आहे शाळेला. बाईंना नमस्कार कर. या माणसे मोजतात. नाही, कोकराला नाही मोजत, मी विचारले. — हो, विचारा की तिला, तिला काय विचारायचे ते विचारा, ती मोठ्या माणसासारखी उत्तरे देते. पण नाते विचारू नका, ते मी सांगितले आहे. … मीच सांगितले तर पुरे नाही का? मूल दहाचे झाले की त्याला विचारावे, असा नियम आहे? असा काही नियम नाही, तुम्ही आत्ता केलात. चूक नावाच्या मुली हट्टी असतात, हे मला ठाऊक हवे होते. बरे. जिबेक, बाई विचारतात, या घरात तू माझी कोण?

…

ऐकलेत? म्हणाली, मुलगी. लगेच म्हणाली, अडखळली नाही. लिहा.

लिहा ना, काय वाट पाहता? माझ्याकडे का पाहता? तिने मान खाली घातली आहे ती कोकराकडे पाहते आहे म्हणून. — जिबेक, वर बघ. माझ्याकडे. — तशीच. अगदी तशीच सफाई.

थांबा. बोट काढा त्या पाटीवरून.

मी वाचलेला माणूस आहे. मागच्या गृहस्थांनी दोन वर्षे जास्त लिहिली, त्याचा त्रास मला अजून होतो. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी ती दोन वर्षे वजा करत पडतो. या मुलीला मी नद्या शिकवल्या, गुणाकार शिकवला, आणि आकडा चुकला तर पान फाडून पुन्हा लिहायला लावले. तिने माझ्यासाठी खोटा आकडा सांगायचा आणि मी तो सरकारला द्यायचा? नाही, नाही, रडत नाही मी. धूर आहे. बुरुल ओली लाकडे घालते. खोडा ते. नात लिहा. मुलगा मेदेर, त्याची पत्नी केरेमेत, यांची मुलगी. कुटुंबप्रमुखाशी नाते, नात. आणि पत्नीची अपत्ये सात, बरोबर आहेत. बुरुल, सात, तू म्हणालीस तेच! — आणि तू जा, फोन घे, खिडकीपाशी बसून कर, गंजीमागे गार आहे. पापाला सांग, तुझे माप घेतो म्हणावे आज संध्याकाळी. तुझी आई शिंपीण आहे — आजी, आजी शिंपीण आहे. उंची, खांदे, बाही. जा.

झाले ना तुमचे? मग उठा. उठा, बाई, मला गवत काढायचे आहे आणि तुम्हाला अजून अर्धे गाव आहे. शेजारच्या घरात आतापर्यंत धूर आला असेल. कुत्रा दिसला तर थांबू नका, सरळ चाला; आणि दारातून जाताना मागे वळून माझ्याकडे पाहू नका.

*

जूनमध्ये मेदेर आला आणि जिबेकला घेऊन गेला. सप्टेंबरमध्ये गावच्या शाळेत पुरेशा मुलांअभावी पाचवीचा वर्ग भरला नाही.